मुलुंडच्या परसात ऑलिव्ह लावू का?

ताई, नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे, म्हणजे पूर्वेकडे, 36 बाय 20 फुटांचं परस आहे. कोपऱ्यात जुना पेरू, भिंतीलगत जास्वंद आणि अनंत, मधोमध सासूबाईंचं तुळशीवृंदावन. मे महिन्यात लेकीबरोबर ग्रीस आणि इटलीला जाऊन आले, तेव्हापासून त्या पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या, लव्हेंडर आणि ऑलिव्ह डोक्यातून जात नाहीत. एका डिझायनरकडून आराखडा करून घेतला. त्यात चार ऑलिव्ह, लव्हेंडरचे दोन वाफे, सगळीकडे पांढरी खडी, मध्ये कारंजं आणि दोन ठिकाणी बैठक आहे. पेरू काढायला सांगितलाय. वृंदावन कागदावर कुठेच नाही. ह्यांना खर्च जास्त वाटतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एवढंच विचारलं, "मग मी दिवा कुठे लावू?" दिवाळी झाली की काम सुरू करायचं ठरलंय. करू का?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

करा. बाग नक्की करा, पण हा आराखडा जसाच्या तसा करू नका. ऑलिव्ह आणि लव्हेंडर काढून टाका, पेरू ठेवा, वृंदावन आहे तिथेच राहू द्या आणि पैशांचा मोठा वाटा बसायच्या जागांवर घाला. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही मनापासून काहीतरी बघून आलाय आणि ते हातचं जाऊ नये असं मलाही वाटतं.

आधी पावसाचं. अथेन्सला वर्षभरात मिळून साधारण 400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडे सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैचीच सरासरी 800 मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे तिथला दोन वर्षांचा पाऊस आपल्याकडे एका महिन्यात कोसळतो, तोही उन्हाळ्याच्या उबेत, हवा दमट असताना. तिकडची रोपं याच्या अगदी उलट ऋतुचक्राला सरावलेली. लांब कोरड्या उन्हाळ्यात पाणी टिकावं म्हणून त्यांनी पानं बारीक, चंदेरी, लवदार केली. त्या लवेत आपल्याकडे पावसाळाभर ओल धरून राहते आणि बुरशीला घर मिळतं.

मी स्वतः एका जानेवारीत नर्सरीतून लव्हेंडरची सहा रोपं आणली होती. मार्चपर्यंत दृष्ट लागावी अशी होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बुंध्याजवळची पानं काळपट पडली. पाणी कमी पडतंय की काय असं वाटलं, म्हणून एक रोप हलवून बघितलं तर ते अलगद हातात आलं. मुळं भिजून कुजलेल्या सुतळीसारखी झाली होती, बोटांनी ओढली की साल निघून आत नुसता दोरा. पाच रोपं जुलैतच गेली. छपराखाली ठेवलेलं सहावं ऑगस्टपर्यंत तगलं, पण नुसत्या दमट हवेनंच तेही संपलं. तुमच्या दोन वाफ्यांचं याहून वेगळं काही होईल असं मला वाटत नाही. ऑलिव्ह एवढं लवकर मरत नाही, जगेलही, पण त्याला फुलोरा धरायला थंडी लागते आणि ती मुंबईत पडत नाही. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हच्या बागा उभ्या राहिल्या, त्या तिथल्या कोरड्या हवेत आणि थंडीच्या गार रात्रींत. मुलुंडला खाडीच्या वाऱ्यात चार महाग झाडं नुसती पानं मिरवत उभी राहतील आणि तुम्ही दर पावसाळ्यात धास्तावून त्यांच्याकडे बघत बसाल.

आता जरा आठवून बघा, तिकडे तुम्हाला नेमकं काय आवडलं होतं. तुम्ही सावलीत बसला होता. पाठीला ऊन लागून गरम झालेली भिंत होती, पायाखाली दगडी फरशी होती, हाताशी सुवासाचं काहीतरी होतं आणि उठायची घाई नव्हती. भूमध्य सागराकाठची बाग म्हणजे मुळात घराचीच बिनछपराची खोली. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात चारी बाजूंनी भिंती असलेले चौक आहेत, भिंतीवर कुंड्या आणि मध्ये विहीर किंवा कारंजं. दर मे महिन्यात लोक आपापले चौक बघायला खुले करतात. 2012 मध्ये युनेस्कोने या उत्सवाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला तिथल्या बायका लांब काठीला डबा बांधतात. हे ऐकताना आपल्या वाड्यांचा चौक डोळ्यांपुढे येतो की नाही? फरक एवढाच, की आपल्या चौकात कारंज्याच्या जागी वृंदावन असतं.

म्हणून तुमच्या आराखड्यातलं कारंजं काढा आणि मध्यभागी सासूबाईंचं वृंदावन ठेवा. ते आधीच योग्य जागी आहे. त्याभोवती तीन-साडेतीन फुटांची फरसबंदी करा, म्हणजे प्रदक्षिणा घालता येईल, काठी टेकत चालणाऱ्या माणसालाही पाय नीट टाकता येईल आणि सगळ्या वाटा तिथून फुटतील. कारंज्याची निगा राखावी लागते. आठवडाभर पंप बंद राहिला तरी त्यात डासांची अळी होते, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हेच लागू. त्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या पुसायच्या, पावसाळ्यात तर काढूनच ठेवायच्या.

बैठकीच्या जागा कागदावर ठरवू नका. एक साधा उपाय सांगते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, दुपारी बाराला, चारला आणि सहाला परसात जा आणि घराची सावली जिथे संपते तिथे रांगोळीने रेघ ओढा. प्रत्येक वेळेला वेगळा रंग घ्या. तुमचं परस पूर्वेला असल्यामुळे सकाळी तिथे ऊन भरपूर आणि दुपार कलली की घराचीच सावली. डिसेंबरात चार वाजता ती सावली कुंपणाच्या भिंतीजवळ जाईल, मे महिन्यात तेवढी लांब जाणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या आठवड्यांत भर दुपारी भिंतीची सावली मिळतच नाही. युरोपात उंच भिंतीच्या कडेला दुपारी बसता येतं, तसं इथे जमणार नाही. इथे डोक्यावरच काहीतरी हवं.

वाऱ्याचंही बघा. मुंबईत दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो आणि तुमच्या परसाच्या पश्चिमेला घर उभं आहे. म्हणजे वारा घराच्या दोन्ही अंगांच्या बोळांतून आत शिरत असणार. बोळाच्या तोंडासमोर सात-आठ फुटांवर खुर्ची ठेवून बसा, मग परसाच्या मधोमध बसा, फरक लगेच कळेल. ज्या रेषेत वारा आहे तिथे संध्याकाळची बैठक घ्या.

माझ्या मते तुम्हाला दोन बैठका पुरतील. पहिली मागच्या दाराला लागून, पडवीसारखी, 10 बाय 8 फूट, वर मंगलोरी कौलं. ही सगळ्यात महत्त्वाची. मुंबईत बागेत बसण्याची खरी मजा पावसात आहे, आणि तुमच्या डिझायनरने चार महिन्यांचा पावसाळा हिशेबातच घेतलेला नाही. आपल्याकडे पाऊस बहुतेक नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो. तुमची पडवी घराच्या आडोशाला पूर्वेकडे येत असल्यामुळे झड कमी लागेल. भर पावसात तिथे चहा घेऊन बसता येईल. पत्रा घालू नका, जोराच्या सरीत पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. छप्पर घालण्याआधी महापालिकेची परवानगी लागते का, ते आर्किटेक्टकडून विचारून घ्या.

दुसरी बैठक समोरच्या कुंपणाच्या भिंतीलगत, पेरूखाली: बांधीव ओटा. तयार फर्निचरच्या सेटपेक्षा ओटा स्वस्त पडतो, गंजत नाही, पावसात आत उचलून ठेवावा लागत नाही आणि चार पाहुणे जास्त आले तरी सामावतात. उंची 17 ते 18 इंच ठेवा. खोली मात्र 24 इंच हवी. बाकाला 16 इंच पुरतात, पण आपण ओट्यावर पाय वर घेऊन, मांडी घालून बसतो. शेंगा सोलायच्या, भाजी निवडायची, तर सूप ठेवायलाही जागा लागते. पाठीमागची भिंत किंचित मागे कललेली घ्या आणि ओट्याच्या एका टोकाला हात टेकायला 8 इंच उंचीचा कठडा करा. सासूबाईंना उठताना त्याचा आधार होईल. ओट्याच्या पृष्ठभागालाही पुढच्या बाजूला हलका उतार द्या, नाहीतर पाऊस थांबल्यावर तासभर पाणी साचून राहतं. निळ्या खुर्च्या आणि टेबल हवंच असेल तर ते पडवीत ठेवा. चार खुर्च्या मागे सरकवून उठायला टेबलाच्या प्रत्येक बाजूला तीन फूट मोकळे लागतात, तेवढे मोजूनच टेबल घ्या.

पांढऱ्या खडीचा विचार सोडा. पेरूची पानं तिच्यात अडकतात, पावसात खाली गाळ बसतो, सप्टेंबरपर्यंत ती हिरवी होते आणि तिच्यात चालणं म्हाताऱ्या माणसांना धोक्याचं. त्याऐवजी खडबडीत शहाबादी घ्या, पॉलिश केलेली अजिबात नको, शेवाळं धरलं की तिच्यावर पाय ठरत नाही. दोन फरश्यांमध्ये अर्ध्या-पाऊण इंचाची फट ठेवून त्यात कच भरा, पाणी जमिनीत मुरेल. 10 फुटांना दीड इंच एवढा उतार घराकडून बाहेर काढा. हा उतार गवंडी लेव्हल ट्यूब लावून देतोय ना, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. पुढचे सगळे पावसाळे त्यावर अवलंबून आहेत. जमीन पाणी किती पिते तेही आधी तपासा. फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत जिरलं नाही तर रोपं जमिनीत लावूच नका, दीड फूट उंचीचे वाफे बांधून घ्या.

भिंती पांढऱ्या हव्यात तर एकच करा, पडवीखालची. उघड्यावरची पांढरी भिंत पहिल्या पावसाळ्यानंतर काळी पडते आणि मे महिन्यात तिच्याकडे बघवत नाही इतकी ती डोळ्यांवर येते. बाकीच्या भिंतींना चुन्यात थोडी पिवडी घालून हात द्या. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत तो मधासारखा मालाडचा दगड आहे ना, करड्या कुर्ला दगडाच्या जोडीने, तो उतरत्या उन्हात कसा दिसतो ते एकदा जाऊन बघा. उबदार भिंतीसाठी मुंबईला इटलीकडे बघायची गरज नाही.

आता रोपं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ऑलिव्हच्या जागी चाफा. पांढरा, आत पिवळा, देवळाबाहेर असतो तो. खोड करडं, वाकडंतिकडं, हिवाळ्यात पानं गळाली की नुसती आकृती उरते आणि भिंतीवर तिची सावली पडते. तुम्ही इटलीला जाऊन आलात म्हणून मुद्दाम सांगते, सिसिलीतल्या पालेर्मो शहराचं मानाचं फूल हाच चाफा आहे. तिथले लोक तो गच्चीवर कुंडीत लावतात आणि थंडीने शेंडे करपू नयेत म्हणून फांद्यांच्या टोकांवर अंड्याची कवचं घालतात. जे झाड ते इतक्या मायेने जपतात, ते तुमच्याकडे फांदी खोचली तरी लागतं. फेब्रुवारी ते मे या काळात हातभर फांदी आणा, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग लावा. पाणी बेताने.

लव्हेंडरच्या जागी मरवा आणि दवणा. मरवा मूळचा भूमध्य सागराकडचाच, आपण तो गजऱ्यात माळतो एवढंच. दवण्याचं पान बघा, बारीक कापलेलं, चंदेरी, हात फिरवला की वास तळव्याला चिकटून राहतो. चैत्रात जोतिबाला वाहतात तो हाच. दोन्ही थंडीतली रोपं आहेत, आता लावली तर चैत्रापर्यंत राहतील आणि पावसात जातील. दरवर्षी नव्याने पेरायची, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या जोडीला सब्जा. फालुद्याचा सब्जा आणि पास्त्यावर टाकतात ते बेसिल, दोन्ही एकाच जातीची झाडं. पानओवा कुंडीच्या कडेवरून खाली सोडा, पिझ्झ्यावर घातला तर ओरेगॅनोची आठवण येईल. तुमच्या भज्यांनाही उपयोगी.

कण्हेर भूमध्य सागराच्या काठी रानात उगवते आणि आपल्याकडे देवपूजेला असते. ऊन, वारा, पाऊस काहीही सोसते. ती कुंपणाच्या टोकाला लावा, ओट्याजवळ नको. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मूल घरात येणार असेल तर लावूच नका. बोगनवेल तिकडे घराघरावर दिसते, पण ती तिथली नाही, दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. तिला कोरडेपणा सोसला की रंग येतो, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबर ते मे ती भरून येते आणि पावसात नुसती काटेरी पानं वाढवते. पाऊस संपताच छाटा, पाणी कमी द्या आणि बसणाऱ्याच्या खांद्यापासून चार फूट लांब ठेवा. ओट्याच्या पाठीमागे जाई चढवा, संध्याकाळी तिचा वास बसलेल्यापर्यंत आपोआप येतो. एक डाळिंब लावा, फळाची फार आशा न ठेवता. मुंबईच्या दमट हवेत फळ डागाळतं, पण ती शेंदरी फुलं आणि बारीक चकचकीत पानं बघायलाच छान वाटतात. जास्वंद आणि अनंत आहेत तिथेच ठेवा, इतकी वर्षं तग धरलेलं झाड काढू नये.

कुंड्या मातीच्या घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यात जा, स्वतः ठोकून आवाज ऐकून निवडा, बद्द आवाज आला तर ती नको. एकाच कोपऱ्यात सात-आठ, लहानमोठ्या, खेटून ठेवल्या की तिकडचं दृश्य आपोआप उभं राहतं. तुमचा सगळ्यात आवडता कोपरा तोच होईल असं मला वाटतं. 18 इंची कुंडीत कागदी लिंबू लावा. इटलीतल्या तोस्काना भागात लिंबाच्या मोठ्या कुंड्या हिवाळ्यात खास बांधलेल्या खोलीत नेऊन ठेवतात, वसंतात पुन्हा बाहेर काढतात. तुम्ही हेच उलटं करा, थंडीऐवजी पावसाळ्यात नाजूक कुंड्या आडोशाला न्या. रोझमेरीची हौस असेल तर दोन कुंड्यांपुरती करा, माती आणि जाड रेती निम्मी-निम्मी, कोकोपीट बिलकूल नको. मृग निघाला की रोझमेरी आणि कोरफड पडवीत, दसऱ्याला बाहेर. लिंबू पावसात आनंदाने राहील, त्याला उचलायची गरज नाही.

पेरूबद्दल वेगळं सांगायला हवं. झाड तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी मुंबईत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1975 चा कायदा आहे. ज्या डिझायनरने हे सांगितलं नाही त्याला पुढचे पैसे देण्याआधी विचार करा. आणि तयार सावली देणारं झाड तोडून तिथे दहा वर्षांनी सावली देणारं झाड लावायचं कशाला? खालच्या दोन फांद्या हलक्या करून घेतल्या, तर त्याच्याखाली ओट्यावर माणूस ताठ उभा राहू शकेल.

खर्चाचं ह्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यावर उपाय म्हणजे सगळं अर्धं-अर्धं करणं नाही. यंदा फक्त फरशी, उतार, पडवी आणि ओटा करा, आणि यात कुठेही हात आखडू नका. रोपांवर थंडीत मोजकेच पैसे घाला: मरवा, दवणा, सब्जा आणि तो कुंड्यांचा कोपरा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे जाऊन मुंबईच्या हवेत काय काय धरतं ते डोळ्यांनी बघा आणि मग यादी करा. डाळिंब, कण्हेर, जाई पहिल्या पावसावर जमिनीत जातील. एक वाफा पूर्ण रिकामा राखून ठेवा. पहिला पावसाळा पडवीत बसून बघितल्यावर तिथे काय हवं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

गवंड्याला बोलावण्याआधी मात्र एक काम करा. या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाई दिवा लावायला जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जा. वाऱ्याने विझू नये म्हणून दिवा त्या कुठल्या अंगाला ठेवतात ते बघा. बोळातला वारा कधी, कुठून, कसा वळतो हे त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीने ठाऊक असणार. तिथेच त्यांना विचारा, "आई, ओटा कुठे घेऊया?" आणि त्या जिथे बोट दाखवतील तिथे रांगोळीची रेघ ओढा.